कमानीपाशी अडलेली बस

"आपल्या गावची कमान लई भारी हाय," असं गावाकडचं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कसली डोंबलाची भारी! दोन खांब, त्यावर आडवी तुळई, तुळईवर सिमेंटचे दोन सिंह, आणि सिंहांची तोंडं अशी की बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्यांची दाढ दुखतेय. त्या कमानीनं आमच्या गावच्या पोरींचं जे केलं ते मी विसरणार नाही, आणि कुणी विसरा म्हणालं तर त्याचंही ऐकणार नाही.

गाव आमचं बीड जिल्ह्यात, लिंबागणेशच्या पुढे. मोठ्या रस्त्यावर फाटा लागतो, तिथून आत तीनेक किलोमीटर. दोन्ही बाजूंनी ऊस आणि तूर, मधे एक ओढा, मग गाव. मी तिथली. पंचवीसेक वर्षं झाली, मी भोसरी-चाकणच्या पट्ट्यात राहते आणि कारखान्यांच्या इमारती काढते. आर्किटेक्ट आहे.

मी शिकले त्याचं श्रेय लोक बाबांना देतात. द्यावंच. पण निम्मं श्रेय एसटीच्या लाल डब्याचं आहे, हे मी बाबांच्या तोंडावरही म्हणायचे आणि ते हसायचे. सकाळची बस थेट गावात यायची, मारुतीच्या पाराला वळसा घालून उभी राहायची. माझी वेणी व्हायची राहिली असली तर कंडक्टर दोनदा घंटी मारायचा आणि थांबायचा. भावकीतल्या कुणी बाबांना विचारलं, "पोरगी रोज बीडला धाडता, भ्या न्हाई वाटत?" की बाबा म्हणायचे, "दारात चढती अन् कालेजच्या म्होरं उतरती. मधी भ्यायाचं कुठं?" झालं, तिथं विषय संपायचा. बीडहून संभाजीनगर, तिथं आर्किटेक्चर, आणि तिथून नोकरीसाठी कारखान्यांच्या शहरात. सगळ्याची पहिली पायरी म्हणजे त्या बसची पायरी.

शहरात पहिली खोली शोधताना घरमालकीण चहा देत होती. कप माझ्या हातात यायच्या आत तिनं विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, "बीडची." तिनं कप दिला, पण खोली दिली नाही. म्हणे, आत्ताच गेली. संध्याकाळी बघते तर 'खोली भाड्याने देणे आहे' ची पाटी तशीच लोंबत होती! आता माझं स्वतःचं ऑफिस आहे, तरी परिस्थिती सुधारली म्हणावं तर तेही नाही. उलट बीडच्या गुंडगिरीच्या बातम्या बघून बघून लोक जास्तच शेफारलेत. परवा एक कारखानदार सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "मॅडमशी वाद घालायची सोय नाही बुवा, बीडच्या आहेत." मी म्हटलं, "वाद घालायची सोय नाहीच, पण मी बीडची म्हणून नाही. तुम्ही छत पेलणारा खांब काढायला सांगताय म्हणून." खरं सांगते, बीडकडं कुणी बोट दाखवलं की मी आजही वाघिणीसारखी अंगावर जाते. म्हणून तर गावानं जे केलं त्याचा मला दुप्पट राग आहे. बाहेर ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांनीच घरात असं वागायचं!

आर्किटेक्ट म्हटलं की लोकांना बंगले दिसतात. मी काढते शेड, कँटीन, वजनकाट्याची खोली, बायकांचे संडास आणि गेट. गेट तर इतकी काढली की झोपेतही काढीन. माझे पहिले साहेब फार कमी बोलायचे, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवून विचारलं होतं, "यातून जाणार काय?" मग स्वतःच म्हणाले, "गेट काढायच्या आधी हे विचारायचं. जाणाऱ्यातलं सगळ्यात उंच काय ते बघायचं, त्यावर भरपूर मोकळं सोडायचं. शोभा मागाहून." एका मालकाला गेटावर ठेंगणी, नक्षीदार कमान हवी होती. मी काढून देईना, तो ऐकेना. शेवटी मी त्याला मालाच्या कंटेनरखाली उभं केलं आणि वर बघायला लावलं. मग ऐकलं. शहरातला परका माणूस माझं ऐकतो हो! पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

आमचे सरपंच नात्यानं माझे चुलत भाऊ लागतात. त्यांचा एक दिवस फोन आला. "ताई, गावाला कमान बांधायची. साहेबांच्या वडलांच्या नावानं. नकाशा तुमीच काढा." साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मी विचारलं, "शाळेतल्या पोरींच्या संडासाला दार नाही, ते आधी का नाही बसवत?" म्हणाले, "ते व्हईल की. शेजारच्या गावानं हत्तीची कमान केली, आपून मागं ऱ्हायचं का?" मी मनात म्हटलं, बांधणारच आहेत तर निदान धड बांधू दे. नकाशा काढून दिला. अठरा फूट मोकळी उंची, त्यातून बस जाईल, उसाचा भरलेला ट्रक जाईल, लग्नाचा मांडव घेऊन येणारा टेम्पो जाईल. खाली ठळक अक्षरांत लिहिलं की उंची कमी करू नये.

उद्घाटनाचा फोटो मोबाइलवर आला. बघितला आणि हातातला फोन खाली ठेवला. कमानीखाली उभ्या असलेल्या माणसांच्या मानानं तुळई कुठे आली ते कळायला मला फूटपट्टी लागत नाही. सरपंचांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, ठेकेदाराकडं टेकू द्यायच्या बल्ल्या चौदा फुटीच होत्या ना! मोठ्या कुठनं आणायच्या?"

म्हणजे बघा! जेवढ्या बल्ल्या तेवढी कमान! उद्या याच्याकडं पाच फुटी बल्ल्या असत्या तर सगळं गाव वाकून आत गेलं असतं आणि वर म्हणालं असतं, नम्रता हाय आमच्यात. मी फोनवर ओरडले तर सरपंच म्हणतात, "बस जाती ना खालून? मग? कशाला डोक्याला ताप करून घेता, ताई." बस जात होती, हे खरं होतं.

पुढं रस्त्याचा निधी आला. जुना रस्ता उकरायचा कोण त्रास घेतो? त्याच्यावरच काँक्रीट ओतलं. मग दुसऱ्या कुठल्याशा योजनेचा निधी आला, पुन्हा त्यावर ओतलं. रस्ता वर चढत गेला आणि कमान होती तिथंच. शेवटी एकदा साहेब गाडीतून येता येता म्हणाले म्हणे, की वडलांचं नाव फारच वर आहे, गाडीत बसून दिसत नाही. एवढं पुरलं. आठवड्याच्या आत तुळईच्या खाली लोखंडी पाटी लोंबकळायला लागली, चांगली दोन फूट उंचीची, कडेनं लाइटिंग केलेली. नाव मोठं, लक्षण खोटं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी बसचं टप त्या पाटीला घासलं आणि पत्रा फाटला. ड्रायव्हर उतरला, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "मी न्हाई घालत आत." दुसऱ्या दिवसापासून बस फाट्यावरच थांबायला लागली.

माझ्या भावाची मुलगी तेव्हा बीडला बारावीत होती. जीभ तिची माझ्यावर गेलीय. तिनं फोन केला. "आत्या, तुझी कमान आमच्या नरड्यावर बसली बघ."

"माझी नाही ती!" मी खेकसले.

"नकाशा तुजाच हाय, सगळं गाव सांगतंय."

घ्या! बल्ल्या ठेकेदाराच्या, पाटी साहेबांची, आणि खापर माझ्या डोक्यावर.

पोरी फाट्यापर्यंत चालत जायला लागल्या. सकाळचं ठीक होतं. संध्याकाळी बस फाट्यावर यायची तोवर दिवस बुडायला आलेला, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस आणि रस्त्यावर दिवा नाही. फाट्यावरच्या टपरीपाशी टोळकी बसलेली. कुणाचा बाप दोन दिवस मोटारसायकल घेऊन गेला, कुणाचा भाऊ चार दिवस. मग एकेक पोरगी घरी बसायला लागली. घरी बसली की पुढं काय, ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. शेवटी दोघीच उरल्या, माझी पुतणी आणि तिची शेजारची मैत्रीण. या मैत्रिणीचे आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. दादाला, म्हणजे पुतणीच्या बापाला, पहाटे आणि संध्याकाळी दूध घालायला जावं लागतं, तो फाट्यावर जाऊ शकत नव्हता. तो म्हणाला, "दोघी हाईत तवर जाऊ द्या. एकटी झाली की बास."

मी पुतणीला म्हटलं, "चल माझ्याकडं. इथं कॉलेज घराच्या मागं आहे." तर मला म्हणते, "मी कावून येऊ? तू गेलीस ती गावातनं बसमधी बसून गेलीस. मी काय पळून येऊ? अन् मी आले तर हिला कोण हाय?" राग आला आणि कौतुकही वाटलं, दोन्ही एकदम.

मग मी कामं टाकून गावी गेले. आधी बीडला डेपोत. तिथले साहेब सरळ बोलले, "मॅडम, उंची द्या, उद्या बस देतो." म्हणजे अडचण फक्त पाटीची होती. पाटी काढली की बस जात होती, मी स्वतः टेप लावून बघितलं. तोच टेप घेऊन ग्रामसभेला बसले.

एकजण म्हणाला, "ड्रायव्हरला म्हणावं, हळू घाल."

"हळू घातली म्हणून बस बुटकी होते का?" मी विचारलं.

एक म्हातारे म्हणाले, "आमच्या टायमाला कुठं बस होती? आमी चालतच जात होतो."

"शाळेत जात होता का?"

लोक हसले, म्हातारेही हसले. पण ठराव काही होईना. सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, तुमी बाहेरगावी राहता. कमान म्हंजी गावाची इज्जत हाय. साहेबांच्या वडलांचं नाव हाय वर, ते असं कसं खाली उतरवायचं? साहेबांना काय वाटल?"

"साहेबांना विचारलं का कुणी?"

कुणीही विचारलं नव्हतं! विचारायची कुणाची छातीच नव्हती. मी उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, पोरी अंधारातून जीव मुठीत धरून येतात तेव्हा इज्जत कुठं चरायला जाते तुमची? बीडची म्हणून मला शहरात खोली मिळत नव्हती, तरी मी आजवर बीडची बाजू घेऊन भांडते, आणि तुम्ही एका पत्र्यासाठी स्वतःच्या लेकींची वाट अडवता! मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शिकलेली बाई लई बोलती बे." मी ऐकलं. ऐकू जावं म्हणूनच बोलला होता तो. सभा चहा पिऊन उठली आणि पाटी जागच्या जागी राहिली.

दिवाळी झाली. चारच दिवसांनी पुतणीचा फोन आला. "आत्या, तिचं झालं."

"काय झालं?"

"लगीन."

आईबापांना तोडीला जायचं होतं. पोरगी फाट्यापासून चालत येणार, घरात एकटी म्हातारी आजी, जबाबदारी कोण घेणार? मग जायच्या आधी उरकून टाकलं. अठरा भरले होते की नव्हते, कुणी विचारलं नाही. मी विचारलं तर मलाच गप्प केलं. वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स कमानीबाहेर थांबली होती. वऱ्हाड चालत आलं, आणि जाताना नवरी चालत कमानीबाहेर गेली. पुतणी म्हणाली, "जाताना ती म्हणली, माजी वही तुज्याकडंच राहू दे."

आता पुतणी एकटी झाली. दादानं शब्द दिल्यासारखं सांगून टाकलं, "उद्यापासून बास." मी रात्रभर तळमळले आणि सकाळची पहिली गाडी धरून गावी पोचले, दादाशी भांडायला. पोचले तर गावात वेगळीच धावपळ. साहेब येणार होते.

साहेबांसाठी हार आणला होता. आमच्याकडं हल्ली हार गळ्यात घालत नाहीत. तो इतका मोठा असतो की क्रेननं वर धरावा लागतो, आणि बाजूला जेसीबीतून फुलं उधळतात. क्रेन हार घेऊन फाट्यावरून डुलत डुलत आली आणि कमानीपाशी थांबली. पाटीखालून तिचा दांडा जाईना. साहेबांची गाडी अर्ध्या तासावर आली होती. सरपंचांचा चेहरा पांढराफटक पडला. इकडं पळाले, तिकडं पळाले आणि ओरडले, "आरं, गॅसकटर आना की बे कुणीतरी!"

गॅसकटर आला. ठराव झाला नाही, सभा झाली नाही, कुणाची इज्जत गेली नाही. साहेबांना काय वाटेल हेही कुणाला आठवलं नाही. ठिणग्या उडाल्या आणि ती पाटी धपकन रस्त्याच्या कडेला आडवी झाली. क्रेन खालून सुळ्ळकन निघून गेली. मी आणि पुतणी तिथंच उभ्या होतो. पोरींनी दोन महिने पायपीट केली तेव्हा हीच पाटी कुणाच्या बापाला हलत नव्हती! मला वाटलं, पुढं व्हावं आणि हाराची फुलं ओरबाडून काढावीत. पुतणीनं माझा दंड घट्ट धरून ठेवला.

साहेब आले, हार झाला, भाषण झालं. संध्याकाळी सरपंच वेल्डरला घेऊन पाटी पुन्हा टांगायला आले. तेव्हा पुतणी पुढं झाली आणि साखरेत घोळल्यासारखं बोलली, "काका, इथं ही पाटी बघतंय कोण? आमीच. फाट्यावर लावली तर मोठ्या रस्त्यानं जाणारी समदी गाडीवाली वाचतील. साहेबांना लई आवडल."

सरपंच थांबले. डोकं खाजवलं. बाजूला जाऊन फोन लावला, आणि परत आले ते हसतच. "साहेब खूश! मी म्हणलं ना, नाव मोठ्या रस्त्यालाच पायजे. आयडिया आपलीच." दोन दिवसांत फाट्यावर खांब उभे राहिले. त्यांना बल्ल्या कमी पडल्या नाहीत.

मी पुतणीवरच चिडले. म्हटलं, "त्यांना खूश कशाला केलंस? चूक त्यांची, आणि वर मानपान त्यांनाच?"

ती म्हणाली, "आत्या, मला बस पायजे. भांडण तू कर."

मी बीडला जाऊन डेपोत उंची कळवली आणि आठवड्यात बस पुन्हा पारापर्यंत यायला लागली. दादानं पुतणीला जाऊ दिलं. "दारात चढती, कालेजच्या म्होरं उतरती," असं तो आता दुसऱ्यांना सांगतो, जसं काही त्यालाच सुचलं. गावात सगळे म्हणतात, झालं ना शेवटी, सोडा की आता. का म्हणून सोडू? पोरीला वर्गात पोचायला आधी कुणाच्या तरी बापाचं नाव मोठ्या रस्त्यावर नेऊन टांगावं लागतं, आणि मी गोड मानून घेऊ?

संक्रांतीला मी गावी गेले तेव्हा बीडच्या स्टँडवरून त्याच बसनं गेले, पुतणीबरोबर. कॉलेज सुटून ती दप्तर घेऊन आली होती. बस सुटता सुटता तिची मैत्रीण चढली, लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला माहेरी निघालेली. साडी अंगावर ठरत नव्हती, हातभर हिरव्या बांगड्या. दोघी एका बाकावर बसल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या. कंडक्टर आला. मैत्रिणीनं सवयीनं पिशवीत हात घातला आणि म्हणाली, "पास." मग हात तसाच राहिला. "न्हाई न्हाई, तिकीट द्या," ती म्हणाली.

फाट्यावर साहेबांच्या वडिलांचं नाव दिव्यांनी झगमगत होतं. बस आत वळली, उसातून गेली, कमानीखालून न घासता गेली आणि पाराला वळसा घालून उभी राहिली. मैत्रीण पदर सावरत खाली उतरली, मागं वळून बसकडं बघितलं आणि पुतणीला म्हणाली, "बरं झालं बाई. आता चालायचं काम न्हाई."